दर इंची किती पौंड?

माझ्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला पोलादाचा एक तुकडा आहे. करंगळीएवढ्या जाडीच्या सळईचे एक पुरते वेटोळे. त्याचे एक टोक कारखान्यातले आहे. दुसरे गॅरेजातल्या चक्रीने कापलेले, कापताना तापून निळे पडलेले. हे वेटोळे माझ्या भाच्याच्या मोटारीच्या पुढच्या स्प्रिंगमधले. ते तिच्यातून निघाल्यावर अडीच महिन्यांनी त्याचे उजव्या बाजूचे हासळीचे हाड मोडले. या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध आहे, हे त्या गॅरेजवाल्याला आजतागायत पटलेले नाही. पाऊस होता, असे तो म्हणतो. इंग्लंडात पाऊस होता हे कारण म्हणून सांगणाऱ्या माणसाने, सूर्य उगवला होता हेही कारण म्हणून सांगायला हरकत नाही.

मला कोणी विचारले नव्हते. मामाला विचारण्याची रीत आपल्यात लग्न ठरवताना आहे, स्प्रिंगा कापताना नाही. वास्तविक इंग्लंडच्या मिडलंड्समध्ये एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात माझी तीस वर्षे गेली, आणि त्यांतली निम्मी स्प्रिंगा, कमानी आणि त्यांचे नखरे यांतच गेली. पण गाडी खाली बसवणे हा हल्ली शास्त्राचा विषय राहिलेला नाही, तो केस कापण्यासारखा झाला आहे. चार मित्र जमतात, आरशात बघितल्यासारखे गाडीकडे बघतात आणि म्हणतात, आणखी थोडे खाली घ्या.

आता भाच्याची बाजू आधी मांडतो, कारण ती अगदीच लंगडी नव्हती. त्याची गाडी १९७६ सालची एम. जी. बी. ही दोन माणसांची उघडी गाडी १९६२ साली निघाली. ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात ती जन्मली, आणि १९८० साली तो कारखाना बंद पडेपर्यंत या गाड्या पाच लाखांवर झाल्या. त्यांतल्या पुष्कळ अमेरिकेला गेल्या, आणि या जातीच्या नशिबात जे वाकडे लिहिले होते ते तिथूनच आले. मोटारीचे धक्कारोधक आणि दिवे जमिनीपासून किती उंच असावेत याचे अमेरिकन सरकारने नियम केले. गाडीचे तोंड नव्याने आखायला पैसा नव्हता की इच्छा नव्हती, देव जाणे. मालकांनी स्वस्तातला मार्ग काढला. १९७४ च्या शरदात गाडीला पुढे-मागे काळ्या रबराचे जाड ओठ बसवले आणि सबंध गाडीच एक-दीड इंच उचलली. वर आणखी कडी म्हणजे, वळणावर गाडीचे कलणे आवरणारी पुढची दांडी काटकसरीखातर काढून टाकली. ती परत यायला दोन वर्षे गेली. बारा वर्षे रस्त्याला धरून चालणारी गाडी एकाएकी टाचा उंचावून, घागरा सावरत चालू लागली. १९७६ सालच्या गाडीच्या मालकाला ती खाली घ्यावीशी वाटली तर त्यात मला गैर दिसत नाही.

पण इथे एक सोवळ्यातली मंडळी आडवी येतात. त्यांचे म्हणणे, गाडी कारखान्यातून जशी आली तशीच राहिली पाहिजे. एक खिळा बदलला तरी धर्म बुडाला. या मंडळींना मी नम्रपणे विचारतो, तुम्ही कशाचे सोवळे पाळता? १९६२ साली ज्यांनी ही गाडी आखली त्यांच्या विचाराचे, की बारा वर्षांनी दुसऱ्या देशाच्या कायद्याला मान तुकवून ती उचलणाऱ्यांच्या हिशेबी कातडीबचावूपणाचे? मूळ म्हणून जे जपायचे तेच जर तडजोडीचे अपत्य असेल, तर ते जपण्यात भक्ती आहे हे खरे. बुद्धी आहे असे मला म्हणवत नाही.

तेव्हा भाच्याची इच्छा रास्त होती. वाट चुकली. आणि ती एकट्या त्याची चुकलेली नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

गाडी किती उंच उभी राहते हा एक प्रश्न. तिची स्प्रिंग किती ताठर आहे हा दुसरा. हे दोन प्रश्न सख्खे भाऊ नाहीत, फार तर शेजारी आहेत. स्प्रिंग कापणारा माणूस असे समजतो की एका घावात दोन्ही प्रश्न सुटले: गाडी खालीही आली आणि कडकही झाली. हा समज इतका सोयीचा आहे की तो खोटा आहे हे सांगणारा माणूस रसभंग करणारा ठरतो. मी तो रसभंग आता पाच-सात मिनिटे करणार आहे. ज्यांना आकडे सोसत नाहीत त्यांनी चकली संपवून पुढच्या पानावर यावे.

स्प्रिंगचा कायदा रॉबर्ट हूक या इंग्रजाने सांगितला. १६७६ साली त्याने तो अक्षरांची उलटापालट करून कोड्याच्या रूपात छापला, म्हणजे शोध आपला ठरावा आणि तो दुसऱ्या कोणाला कळूही नये. आणि १६७८ साली कोडे सोडवून दाखवले. जितके ताणाल तितका जोर, एवढाच त्याचा अर्थ. स्प्रिंग एक इंच दाबायला ४०० पौंड लागत असतील तर दोन इंचांना ८०० लागतील. या ‘दर इंची ४०० पौंडां’ना स्प्रिंगचा ताठरपणा म्हणावे. तो सळईची जाडी, वेटोळ्याचा व्यास, वेटोळ्यांची संख्या आणि पोलादाची जात यांवर ठरतो. जाडीचा परिणाम तर भयंकर: सळई दहा टक्के जाड केली की ताठरपणा शेकडा शेहेचाळीस वाढतो. वेटोळ्यांचे त्यामानाने सौम्य. आठांतले एक कमी केले तर ताठरपणा एक सप्तमांशाने वाढतो, अधिक नाही.

आता एक हिशेब करू. आकडे मी सोयीसाठी गोल घेतो. समजा, पुढच्या एका चाकाने ५०० पौंड तोलायचे आहेत. स्प्रिंग चाकापाशी नसते. चाकापासून आत गेलेल्या हाताच्या साधारण मध्यावर ती बसते, म्हणून चाक एक इंच उचलले तर स्प्रिंग अर्धाच इंच दबते आणि तिच्यावर भार मात्र दुप्पट, म्हणजे १००० पौंड येतो. दर इंची ४०० पौंडांची स्प्रिंग या भाराखाली अडीच इंच दबेल. चाकापाशी मोजाल तर तिचा ताठरपणा चौथा हिस्सा, दर इंची १०० पौंडच भरतो. (जाहिरातीत छापतात तो आकडा स्प्रिंगचा, रस्त्याला कळतो तो चाकाचा. हा फरक न सांगता स्प्रिंग विकणे म्हणजे वजनात काटा मारणे होय.)

या स्प्रिंगला आठ वेटोळी आहेत, मोकळी उंची दहा इंच आहे, असे धरा. एक वेटोळे कापले. मोकळी उंची सव्वा इंचाने घटली. ताठरपणा ४०० चा ४५७ झाला, म्हणून दबणे अडीचवरून २.२ इंचांवर आले. वजाबाकी केली की स्प्रिंगची बसकी उंची जवळजवळ एक इंच कमी झालेली दिसते. आणि चाकाशी त्याची दुप्पट, म्हणजे गाडीचे नाक जवळजवळ दोन इंच खाली. कापणारा खूश. एक वेटोळे दिले, दोन इंच मिळाले!

दिले काय ते मात्र त्याने मोजले नाही. खड्ड्यावर किंवा उंचवट्यावर चाकाला वर सरकायला जागा लागते, आणि ती जागा जिथे संपते तिथे रबराचा एक ठोकळा बसवलेला असतो. आधी ही जागा तीन इंच होती असे समजा. आता ती सव्वा इंचाच्या आत आली. स्प्रिंग किती तडाखा पोटात घेऊ शकते हे ताठरपणावर आणि चालीच्या वर्गावर ठरते. वर्गावर, हे लक्षात घ्या. जो तडाखा तीन इंचांत जिरत होता तो सव्वा इंचाच्या आत जिरवायचा तर ताठरपणा सात पट हवा. आणि कापण्याने मिळाला किती? सातवा हिस्सा जादा. सात पट हवे तिथे सातवा हिस्सा! एवढ्या भांडवलावर कोणी किराणा मालाचे दुकानसुद्धा काढणार नाही. इथे ताशी साठ मैलांचा धंदा चालतो.

गाडी दोन इंचांऐवजी एकच इंच उतरवली तरी हाच हिशेब सव्वादोन पट ताठरपणा मागतो. म्हणून खाली उतरवलेल्या गाडीला कडक स्प्रिंग द्यावी लागते. कडकपणा हा तिथे गुण म्हणून येत नाही. जागा कमी केली त्याचा तो दंड आहे. दंडाची पावती छातीवर मिरवणारे लोक मी याच छंदात पाहिले.

त्यांचा हुकमी एक्का म्हणजे शर्यतीची गाडी. ती खाली असते, कडक असते, आणि वळणे कशी कापते! मान्य. पण ती कडक का असते? शर्यतीचा रस्ता तबकासारखा सपाट असतो, हे पहिले कारण. दुसरे अधिक महत्त्वाचे. १९७० नंतरच्या वर्षांत, विशेषतः १९७८ च्या लोटस गाडीपासून, गाडीच्या पोटाखालची हवा तिला जमिनीकडे ओढू लागली. ही ओढ गाडीच्या तळाच्या उंचीवर इतकी अवलंबून असते की तळ थोडाही वरखाली झालेला परवडत नाही. म्हणून स्प्रिंगा दगडासारख्या केल्या, आणि गाडी हाकणाऱ्यांच्या पाठी गेल्या. तुमच्या एम. जी. बी. च्या पोटाखालून वारा वाहतो तो काही तिला जमिनीकडे ओढत नाही. शर्यतीच्या गाडीचा दंड तुम्ही भरता, बक्षीस मात्र तुमच्या वाट्याला येत नाही.

त्याच लोटस कंपनीने १९६२ साली, म्हणजे एम. जी. बी. निघाली त्याच वर्षी, सामान्य रस्त्यासाठी ‘एलान’ नावाची गाडी काढली. वळणे पकडण्यात तिची बरोबरी करणारी गाडी त्या काळात शोधावी लागे. तिच्या स्प्रिंगा कशा होत्या? मऊ. चाकाची चाल लांब, झोके आवरणारे शॉक अ‍ॅब्सॉर्बर चोख, आणि स्प्रिंगा मऊ. चाक रस्त्याला चिकटून राहिले तरच पकड राहते, आणि उंचसखल रस्त्याला चिकटून राहायचे तर चाकाला मोकळीक हवी. इतके साधे हे आहे. खेळातली गाडी म्हणजे हाडे खिळखिळी करणारी गाडी, ही कल्पना त्याच्याही आधीच्या जमान्यातली. तेव्हा गाडीचा सांगाडाच पिळवटत असे, आणि स्प्रिंग हलली नाही तरी सांगाडा हलून वेळ मारून नेत असे. सांगाडे सुधारले, कल्पना तीच राहिली.

वजनाविषयीही थोडे सांगतो, कारण गाडी खाली घेण्याचा जो खरा लाभ आहे तो नाकारण्याचा माझा हेतू नाही. गाडीच्या वजनाचा मध्य जमिनीपासून २० इंचांवर आहे असे धरा. तो एक इंच उतरला की वळणावर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकणारे वजन विसाव्या हिश्शाने घटते. एवढा लाभ निश्चित. पण स्प्रिंग कडक केल्याने हे सरकणारे वजन जवळजवळ काहीच घटत नाही. गाडी कमी कलते, डोळ्याला बरे दिसते, आणि हाकणारा समजतो की वजन जागेवर राहिले. स्प्रिंगा ठरवतात ते निराळेच: सरकणाऱ्या वजनाचा किती वाटा पुढच्या चाकांनी उचलायचा आणि किती मागच्यांनी. पुढे-मागे न तोलता नुसत्या पुढच्या कडक केल्या की वळणावर गाडीचे नाक बाहेर धावू लागते. आणखी एक गंमत अशी की पुढचे हात खाली कलले की गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते तो बिंदू गाडीच्या वजनाच्या मध्यापेक्षाही अधिक खाली घसरतो, आणि खाली आलेली गाडी त्याच स्प्रिंगांवर पहिल्यापेक्षा जास्त कलू शकते. हे सांगितले की मंडळी माझ्याकडे असे बघतात की मी पंचांग बघायला घेतले आहे.

पुढे-मागे तोलण्याचे शास्त्र मॉरिस ऑली नावाच्या इंग्रज एंजिनियराने रीतसर मांडले. तो रोल्स-रॉइसमधून १९३० साली अमेरिकेत जनरल मोटर्सकडे गेला, आणि एका मोठ्या गाडीवर वजने पुढेमागे सरकवून बसणाऱ्याला कधी बरे वाटते हे त्याने तपासत तपासत ठरवले. उंचवटा आधी पुढच्या चाकाला लागतो, मग मागच्या. म्हणून मागच्या स्प्रिंगांचे झोके थोडे जलद असावेत, म्हणजे उशिरा सुरू झालेली शेपटी नाकाला गाठते आणि गाडी सपाट तरंगते. उलट असेल तर ती बकरीसारखी डोके मारीत जाते. आमच्या हिशेबातल्या पुढच्या चाकाचे झोके मिनिटाला सुमारे ८४ भरतात. ताठरपणा दुप्पट करा, ते ११९ होतील. मागे हात न लावता पुढे हा उद्योग केला की ऑलीचा सारा मांडलेला डाव उधळला. आणि जुने शॉक अ‍ॅब्सॉर्बर तसेच ठेवले तर वाढलेले झोके आवरायला कोणी उरतच नाही.

या सगळ्याला एक अपवाद मला ठाऊक आहे, तो लपवणार नाही. १९६२ चीच ट्रायम्फ स्पिटफायर. तिची मागची चाके पंखांसारख्या अर्ध्या दांड्यांवर असत आणि भर वळणावर वेग सोडला की ती पोटाखाली दुमडू बघत. तिची मागची बाजू थोडी उतरवली की चाके आतल्या बाजूला कलती राहतात आणि दुमडण्याची भीती कमी होते. तिथे खाली घेणे औषध आहे. पण औषधाचा गुण रोग बघून. स्पिटफायरचे औषध एम. जी. बी. ला पाजून काय होणार?

एम. जी. बी. ची मागची बाजू निराळ्याच घराण्यातली आहे. तिथे वेटोळी नाहीत, पोलादी पट्ट्यांच्या कमानी आहेत. आपल्या टांग्याखाली असत त्यांच्याच सख्ख्या बहिणी. त्या कापता येत नाहीत म्हणून कमान आणि आस यांच्यामध्ये ठोकळा घालतात. ताठरपणा तोच, जागा कमी, आणि आस पिळवटू लागली की तिला कमानीवर जादा तरफ मिळते. भाच्याच्या गाडीत पुढे वेटोळे कापले होते आणि मागे ठोकळे घातले होते. बिलावर लिहिले होते, ‘सस्पेंशन सुधारणा’.

झाले ते असे. कॉट्सवल्डच्या टेकड्यांत एक उजवे वळण. रस्ता ओला, वेग ताशी चाळीस मैलांच्या आसपास. त्या वळणाला ही गाडी एरवी सहज घेते. वळणाच्या मध्यावर रस्त्याला एक ठिगळ होते, दीड-दोन इंच वर आलेले. कलल्यामुळे डाव्या पुढच्या चाकाची सव्वा इंचातली बहुतेक जागा आधीच खर्ची पडली होती. ठिगळावर ते ठोकळ्याला भिडले. ठोकळा भिडला की त्या कोपऱ्याला स्प्रिंग अशी उरतच नाही. एका क्षणात तो कोपरा कित्येक पट ताठर होतो, सरकणाऱ्या वजनाचा मोठा वाटा त्या एकाच टायरवर येऊन पडतो, आणि टायरची पकड वजनाच्या प्रमाणात वाढत नाही. सुकाणू उजवीकडे, गाडी सरळ. समोर त्या भागात असते तशी सुक्या दगडांची भिंत. पट्टा होता म्हणून हाडावर निभावले.

इस्पितळात भाचा म्हणाला, “मामा, गाडी एकदम बर्फावर गेल्यासारखी झाली हो.” मी त्याला बर्फाविषयी काही बोललो नाही. गाडी वर उचलून ठोकळा दाखवला, तो महिन्यानंतर. रबर एका बाजूला फाटून चकाकत होते. तो बराच वेळ खाली वाकून बघत राहिला. हात गळ्यात बांधलेला असल्यामुळे त्याला नीट वाकताही येत नव्हते.

मग खाली घ्यायचीच असेल तर वाट कोणती? तीही सरळ आहे, फक्त तिच्यात तमाशा नाही. १९७४ साली कारखान्याने गाडी उचलली ती पुढचा आडवा सांगाडा बदलून आणि मागच्या कमानी बदलून. तेव्हा १९७४ पूर्वीचा सांगाडा आणि त्याच बांध्याच्या कमानी मिळवून बसवाव्यात, कलणे आवरणारी दांडी परत घालावी. गाडी उतरते, चाकाची चाल मूळच्याइतकी राहते, सुकाणूच्या दांड्यांचे कोन बिघडत नाहीत. यात चक्री फिरत नाही, ठिणग्या उडत नाहीत, शेजारी जमत नाहीत. शनिवार-रविवार चार जातात आणि हात काळे होतात.

नव्या पोरांत यासाठी ‘स्टान्स’ असा शब्द आहे. गाडी उभी कशी राहते, यावर त्यांचा सारा जीव. पुण्या-कोल्हापुराकडेही आता छोट्या घरगुती गाड्या पोटावर बसवलेल्या मला दिसतात, आणि त्या गतिरोधकावर तिरप्या करून, बाळंतिणीला जिना उतरवावा तशा उतरवताना दिसतात. उभी राहण्यासाठीच गाडी हवी असेल तर मी वाद घालत नाही. पुतळ्याला स्प्रिंग लागत नाही. पण ती रस्त्यावर आणणार असाल तर तिच्या वळणावर समोरून येणारा माणूस तुमच्या छंदाचा सभासद नसतो, एवढे तरी धरून चाला.

दुकानदारांवर माझा राग अधिक आहे, कारण पोरांना माहीत नसते आणि त्यांना माहीत असते. किंवा असायला हवे. स्प्रिंगांच्या खोक्यांवर ‘स्पोर्ट’ लिहितात, ‘वेगवान रस्त्यासाठी’ लिहितात, लाल रंग देतात. तांदूळ घेताना आपण जात विचारतो, भाव विचारतो, चार दाणे तळहातावर घेऊन बघतो. ज्या पोलादावर जीव टांगायचा त्याच्या खोक्यावर आकडा का नाही, हे कोणी विचारीत नाही.

गेल्या महिन्यात भाच्याने माझ्यासमोर अशा एका दुकानाला फोन लावला. पुढच्या नव्या स्प्रिंगा हव्या आहेत म्हणाला. त्या माणसाने जोडीची किंमत सांगितली, रंग सांगितला, तीन दिवसांत घरपोच देतो म्हणाला.

“दर इंची किती पौंड?” भाच्याने विचारले.

पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू आले नाही. मग तो माणूस म्हणाला, “साहेब, त्या कडक आहेत.”

भाच्याने आभार मानून फोन ठेवला आणि पुढच्या दुकानाचा नंबर फिरवला.